विचारा वकीलताईंना : एका जजसाठी अख्खा देश का भांडतो?

मागच्या अंकात सोसायटीच्या पार्किंगवर लिहिलं होतं, त्यामुळे यावेळी पण पार्किंगचीच पत्रं येणार असं धरून चालले होते आणि आलीच, ती पुढच्या वेळी घेऊ. पण कोथरूडच्या एका काकांनी भलताच विषय काढला आणि मी तो आमच्या शिवाजीनगर कोर्टाच्या कँटीनमध्ये बोलून दाखवला, तर चहा गार झाला तरी कोणी उठेना. मग तीनचार जणांनी तिथेच चिठ्ठ्या खरडून दिल्या, काही ईमेल आले, आणि हा अख्खा अंक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर गेला. पार्किंगवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मुलगा आणि सून डॅलसला असतात. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होतो. हल्ली तिथल्या सुप्रीम कोर्टाचा विषय निघाला की दोघांची अशी जुंपते की एकदा सून कॉल सोडून उठून गेली. आम्ही उभ्या आयुष्यात सुप्रीम कोर्टाच्या जजचं नाव घेऊन घरात भांडलो नाही. एका जजवरून कोणी एवढं भांडतं का? (कोथरूड)

काका, भांडतात, आणि सूनबाई उठून गेल्या यात मला तरी काही नवल वाटत नाही. तुम्ही असं बघा, आपल्याकडे जज 65 व्या वर्षी घरी जातो, नावडता असला तरी चार-पाच वर्षांत विषय संपतो. तिकडे जज एकदा खुर्चीत बसला की स्वतः उठेपर्यंत किंवा देवाघरी जाईपर्यंत बसलेला. क्लॅरेन्स थॉमस 1991 मध्ये आले तेव्हा 43 वर्षांचे होते, एमी कोनी बॅरेट 2020 मध्ये 48 च्या. म्हणजे आज ज्याने नेमलं तो राष्ट्राध्यक्ष जाईल, त्याच्यानंतरचे तीन-चार जातील, पण त्याचा जज तिथेच. आणि जागा किती, तर फक्त 9, त्यामुळे एक माणूस बदलला तरी तराजू हलतो.

आता त्या जागा रिकाम्या कधी होणार हे कोणाच्याच हातात नाही, इथेच खरी मेख आहे. जिमी कार्टर चार वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांना एकही जागा मिळाली नाही, एकही नाही. ट्रम्प यांना पहिल्याच टर्ममध्ये तीन मिळाल्या. त्या तिघांनी काय फरक पडला ते बघायचं तर 24 जून 2022 ला बघा, गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल त्या दिवशी उलटवला गेला आणि उलटवणाऱ्या पाच जणांत ते तिघंही होते. जवळजवळ पन्नास वर्षं बायकांना जो हक्क होता तो गेला, आणि डॅलस ज्या टेक्सासमध्ये आहे तिथे तर गर्भपाताला जवळपास पूर्ण बंदी आली. तुमच्या सूनबाईंसाठी हे पेपरातलं राजकारण नाहीये काका, डॉक्टरकडे गेल्यावर डॉक्टर काय करू शकतो आणि काय नाही याचा प्रश्न आहे. मुलाचं मत वेगळं असेल तर तेही त्याच्या जागी असेल, तिकडे बरेच लोक त्या बाजूचे आहेत, पण भांडण हवेतलं नाही एवढंच सांगते.

आणि हे पूर्वी असं नव्हतं बरं का. राष्ट्राध्यक्षाने नाव द्यायचं आणि सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने (आता 100 जणांचं), मत द्यायचं, ही पद्धत पहिल्यापासून आहे. 1986 मध्ये अँटोनिन स्कॅलिया हे पक्के कट्टर उजव्या विचारांचे गृहस्थ 98 विरुद्ध 0 ने पास झाले, शून्य! पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेबांनी रॉबर्ट बोर्क यांचं नाव दिलं, विचार साधारण त्याच पठडीतले, विद्वत्ता तशीच, आणि ते 42 विरुद्ध 58 ने पडले. मधे काय घडलं? नोव्हेंबर 1986 ला निवडणूक झाली आणि सिनेट रेगन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडून विरोधी डेमोक्रॅट्सकडे गेली. बोर्क यांचं आणखीही एक जुनं दुखणं होतंच, 1973 मध्ये वॉटरगेट घोटाळ्याच्या वेळी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सांगण्यावरून तपास करणाऱ्या सरकारी वकिलाला काढून टाकायची सही त्यांनी केली होती, वरच्या दोघांनी नकार देऊन राजीनामे टाकल्यावर. पण माझं मत विचाराल तर बोर्क आधी आले असते आणि स्कॅलिया नंतर, तर कदाचित उलटं झालं असतं. मी ही सगळी प्रकरणं जितकी वाचते तितकं मला वाटतं की तिथे माणसापेक्षा तारीख बघावी, ती कुठे पडली त्यावर सगळं आहे.

प्रश्न : ताई, मी लॉ कॉलेज रोडला थर्ड इयरला आहे. अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय की सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने नेमणूक होईल. मग सिनेटने मतदानच घेतलं नाही तर राष्ट्राध्यक्ष कोर्टात जाऊ शकतो का? परीक्षेला नाही, सहज विचारतोय.

परीक्षेला नाही म्हणजे नक्की परीक्षेला असणार. असो.

कोर्टात जाऊन काय मिळणार, घटनेत ‘संमती’ लिहिलंय, ‘इतक्या दिवसांत’ असं लिहिलेलं नाही. आणि नेमकी हीच फट 2016 मध्ये वापरली गेली. 13 फेब्रुवारी 2016 ला ते वरचे स्कॅलिया वारले. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांनी त्याच दिवशी, म्हणजे बातमी येऊन काही तास झालेत आणि अजून अंत्यविधी व्हायचाय, तेव्हा जाहीर करून टाकलं की ही जागा पुढचा राष्ट्राध्यक्ष भरेल. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 16 मार्चला मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, 63 वर्षांचे, मवाळ, दोन्हीकडे मान असलेले, विरोध करायला अवघड जावं म्हणूनच निवडलेले. त्यांना विरोध केलाच नाही कोणी. हिअरिंग, म्हणजे सिनेटच्या कमिटीसमोर उमेदवाराला बसवून प्रश्न विचारणं, ते नाही, मतदान नाही, नाव 293 दिवस तसंच पडून राहिलं आणि सिनेटची मुदत संपल्यावर आपोआप बाद झालं. गार्लंड वाईट आहेत असं म्हणायची वेळच येऊ दिली नाही, यातली हुशारी बघ. सरकारी ऑफिसात ‘तुमचं काम होणार नाही’ असं कधी म्हणतात का? ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणतात.

कारण काय दिलं होतं, तर निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या. लिंडसी ग्रॅहम नावाचे रिपब्लिकन सिनेटर तर तेव्हा म्हणाले की उद्या आमचा राष्ट्राध्यक्ष असताना असं झालं तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. झालं की तसंच. 18 सप्टेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टाच्या जज रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या, 26 सप्टेंबरला ट्रम्प यांच्याकडून बॅरेट यांचं नाव आलं, 26 ऑक्टोबरला 52-48 ने पास, निवडणूक 3 नोव्हेंबरला. आणि सिनेटच्या ज्या ज्युडिशिअरी कमिटीने हे सगळं धावत पळत उरकलं तिचे चेअरमन कोण? तेच ग्रॅहम. लोकांनी त्यांचे शब्द वापरले त्यांच्याविरुद्ध, त्यांनी ऐकून घेतले आणि कामाला लागले. एकीकडे 293 दिवसांत हिअरिंगही नाही, दुसरीकडे महिन्यात शपथ.

तू विचारलं नाहीस पण एक गोष्ट यात धरावी लागते, फिलिबस्टर. विरोधकांनी चर्चा ताणत ठेवायची आणि मतदानापर्यंत गाडी जाऊच द्यायची नाही, ते थांबवायचं तर 60 मतं लागायची. त्यामुळे समोरच्या पक्षातले दोन-चार तरी पटवावे लागत आणि नाव देतानाच जरा मधलं दिलं जाई. 2013 मध्ये डेमोक्रॅट्सनी खालच्या कोर्टांच्या जजसाठी ही अट काढली, अडवणूक फार होते म्हणून. 2017 मध्ये रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टासाठी पण काढली आणि ट्रम्प यांचे नील गॉर्सच 54-45 ने आत. आता साध्या बहुमतावर काम होतं, मग समोरच्याला पटवायचं कशाला? कोणी सुरू केलं हे विचारलंस तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, दोघांचंही थोडं खरं आहे, मला मॅकॉनल यांचं जरा जास्त टोचतं कारण हिअरिंगसुद्धा न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं आहे.

प्रश्न : 2018 ची, ट्रम्प यांनी नाव दिलेल्या कॅव्हनॉ यांची हिअरिंग मी हिंजवडीला नाईट शिफ्टमध्ये बसून लाइव्ह बघितली होती, अर्धी टीम बघत होती. तासन् तास प्रश्न विचारून शेवटी मतं जवळजवळ पक्षाप्रमाणेच पडली. मग या नाटकाचा उपयोग काय? (वाकड)

मी पण बघितली होती आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात तारखेला उशिरा पोचले होते, ते राहू दे.

कायद्याबद्दल काही कळावं या दृष्टीने म्हणाल तर उपयोग फारसा नाही, बोर्क यांच्यापासून सगळ्यांनी धडा घेतला. बोर्क प्रत्येक प्रश्नाला वर्गात शिकवल्यासारखी सविस्तर उत्तरं देत गेले, आणि पडले. त्यानंतर जो येतो तो म्हणतो, हा प्रश्न पुढे माझ्यासमोर येऊ शकतो म्हणून बोलणार नाही. बॅरेट यांच्या वेळी एका सिनेटरने विचारलं की तुमच्या समोर काय नोट्स आहेत ते दाखवा बरं, तर त्यांनी वही वर धरून दाखवली, कोरी, वर फक्त सिनेटचं नाव छापलेलं. लोकांना ते फार हुशारीचं वाटलं. मला वाटलं बाईंनी हिअरिंगचं सारच दाखवलं.

पण कॅव्हनॉ यांचं प्रकरण वेगळं होतं, तिथे प्रश्न वागणुकीचा होता. क्रिस्टीन ब्लासी फोर्ड यांनी शपथेवर सांगितलं की शाळेच्या वयात यांनी माझ्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, कॅव्हनॉ यांनी चिडून, रडून ते नाकारलं. 1991 मध्ये थॉमस यांच्या वेळी अनिता हिल यांनी, थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केला असं, असंच समोर बसून सांगितलं होतं, कमिटीत सगळे पुरुष होते आणि चेअरमन होते जो बायडन. दोन्ही वेळा नेमणूक झालीच. थॉमस 52-48, कॅव्हनॉ 50-48. पण अनिता हिल यांच्या साक्षीनंतर पुढच्याच वर्षी सिनेटमध्ये नव्या बायका निवडून आल्या, तेव्हा उपयोग शून्य असं मी म्हणणार नाही, फक्त तो त्या खोलीत दिसला नाही.

आणि ते 50-48 मधलं एक सांगते, कारण हे कुठे फारसं कोणी सांगत नाही. मॉन्टानाचे सिनेटर स्टीव्ह डेन्स कॅव्हनॉ यांच्या बाजूचे, पण मतदानाच्याच दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. लिसा मर्कोव्स्की या त्यांच्याच पक्षाच्या, पण कॅव्हनॉ यांच्या विरोधात. तर मर्कोव्स्की बाईंनी विरोधी मत न टाकता नुसतं ‘हजर’ म्हणून नोंदवलं, म्हणजे डेन्स यांच्या गैरहजेरीने त्यांच्या बाजूचं एक मत गेलं तसं विरोधातलंही एक गेलं, हिशेब बरोबर. देश पेटलाय, बाहेर निदर्शनं चाललीत आणि आत एक बाई म्हणते तुम्ही जा, मुलीचं कन्यादान चुकवू नका. (कन्यादान मी घातलं, तिकडे काय म्हणतात कोण जाणे.) मला त्या सगळ्या चिखलात एवढीच एक गोष्ट आवडली.

प्रश्न : तिथे निदान उमेदवाराला चारचौघांसमोर बसवून विचारतात तरी. आपल्याकडे पाच जज बंद दाराआड बसून सहावा निवडतात. हे म्हणजे घरातल्या घरात सोयरीक. आपले मत कळवावे. गोल गोल उत्तर नको. (निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ)

काका, बँकेत होतात ना, मग हिशेब आवडेल तुम्हाला. आपल्या घटनेच्या कलम 124 मध्ये राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘विचारविनिमय’ करून जज नेमावा असं आहे. विचारविनिमय म्हणजे ऐकून घ्यायचं की ऐकायचं, या एका शब्दावर चाळीस वर्षं गेली. 1981 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ऐकून घ्या, शेवटचा शब्द सरकारचा. 1993 मध्ये तेच कोर्ट म्हणालं, नाही, शेवटचा शब्द जजचा. 1998 मध्ये ठरलं, सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालचे चार सीनियर, हे तुमचे पाच, यालाच कॉलेजियम म्हणतात. 2014 मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून कायदामंत्र्यांसह सहा जणांचा आयोग आणला, 16 ऑक्टोबर 2015 ला कोर्टाने तो 4 विरुद्ध 1 ने रद्द केला. म्हणजे जज कोणी निवडायचे याचा निकाल जजनीच दिला. तुमची सोयरीक इथपर्यंत बरोबर.

पण त्यांनी हे सगळं हातात का घेतलं, ते माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं, ते आता नाहीत. एप्रिल 1973 ची गोष्ट ते सांगायचे. 24 एप्रिलला केशवानंद भारतीचा निकाल लागला, 7 विरुद्ध 6, संसदेला घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही असा. दोन दिवसांत नवे सरन्यायाधीश म्हणून अजितनाथ रे यांनी शपथ घेतली, त्यांच्यापेक्षा सीनियर असलेल्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून. ते तिघं त्या सातातले, रे सहातले. तिघांनी राजीनामे दिले. वडील म्हणायचे, दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये कोणी पत्ते काढले नाहीत, एवढंच. 1977 ला परत तेच, आणीबाणीत एकट्याने सरकारविरुद्ध निकाल लिहिणाऱ्या एच. आर. खन्ना यांना डावललं. दुधाने तोंड पोळलं होतं काका, म्हणून ताक फुंकून प्यायला लागले, आणि आता फुंकतच बसलेत.

आणि आपल्याकडे भांडण नाही असं समजू नका, आपलं भांडण फाइलीत चालतं. जानेवारी 2018 मध्ये कॉलेजियमने दोन नावं पाठवली, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ. मल्होत्रा बाईंची शपथ एप्रिलमध्ये झाली. जोसेफ यांची फाइल सरकारने परत पाठवली, सीनियॉरिटी आणि केरळचं प्रतिनिधित्व अशी कारणं देऊन. बाहेर मात्र सगळ्यांना आठवत होतं की 2016 मध्ये उत्तराखंडमधली राष्ट्रपती राजवट याच जोसेफ यांनी रद्द केली होती. कॉलेजियमने नाव परत पाठवलं, मग ऑगस्टमध्ये शपथ झाली, त्या दिवशीच्या तिघांत त्यांचा नंबर तिसरा. तुम्ही म्हणाल तिसरा काय नि पहिला काय. अहो आपल्याकडे शपथेच्या क्रमावर सीनियॉरिटी ठरते, सीनियॉरिटीवर सरन्यायाधीशपद आणि कॉलेजियममधली जागा, आणि 65 ची तारीख तर कोणाला चुकत नाही. कालनिर्णयवर खुणा करून पुढच्या कित्येक वर्षांचे सरन्यायाधीश सांगता येतात. त्यामुळे इथे कोणाला पाडायची गरज पडत नाही, सहा महिने फाइल टेबलावर ठेवली तरी काम होतं. गार्लंड यांचं नि हे एकाच माळेचं.

गोल उत्तर नको म्हणालात म्हणून सरळ सांगते. मला तिकडच्यासारखी टीव्हीवरची हिअरिंग नको, कोरी वही बघायला मी रात्र का जागवू. मला हवंय ते दोन ओळींचं, सरकारने इतक्या दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर होकार समजायचा, आणि कॉलेजियमने कोणाला का घेतलं आणि कोणाला का नाही ते लेखी सांगायचं. बँकेत चेक क्लिअर करायला मुदत होती ना तुम्हाला?

प्रश्न : त्या गिन्सबर्ग बाई 87 वर्षांपर्यंत कशाला बसून राहिल्या? वेळेवर सुनेच्या हातात किल्ल्या दिल्या असत्या तर? (सहकारनगरच्या एक आजी)

आजी, नेमकं बोललात. त्यांना कॅन्सर बरेचदा होऊन गेला होता, 2014 पर्यंत राष्ट्राध्यक्षही ओबामा आणि सिनेटही त्यांच्याच पक्षाची, तेव्हा उठल्या असत्या तर जागा त्यांच्याच विचाराच्या माणसाला गेली असती. लोक सुचवत होते, बाईंना ते रुचलं नाही, आणि मला त्यांचा राग पूर्णपणे येत नाही कारण काम जमत असताना बाईलाच ‘आता बस झालं’ सांगायची लोकांना फार हौस असते. पण झालं ते झालं. त्यांचे सहकारी जज स्टीफन ब्रेयर मात्र ते बघून शहाणे झाले, 2022 मध्ये 83 व्या वर्षी, सिनेट आपल्या विचाराच्या पक्षाच्या हातात असतानाच उठले आणि केतनजी ब्राउन जॅक्सन 53-47 ने आल्या.

प्रश्न : एवढी मारामारी आहे तर जागाच वाढवा की. आमच्या पीएमटीत पण उभं राहायला जागा करतात. (हडपसर)

पीएमटी जाऊन पीएमपीएमएल झालं, पण उभंच राहतोय आपण. वाढवता येतात, 9 हा आकडा घटनेत नाही, साध्या कायद्यात आहे, 1869 पासून. सुरुवात तर सहानेच झाली होती. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 15 पर्यंत न्यायचा घाट घातला, कारण कोर्ट त्यांचे कायदे रद्द करत होतं, तर त्यांच्या स्वतःच्या पक्षानेच साथ दिली नाही. भीती साधी आहे, आज तुम्ही चार वाढवाल, उद्या ते सहा वाढवतील. आपण 1950 मध्ये 8 होतो, 2019 मध्ये 34 केले, कोणी हूं की चूं केलं नाही, कारण आपल्याला केसेस तुंबल्याची काळजी, तराजूची नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, विचारतो की अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचा जज व्हायला किती टक्के लागतात? (बिबवेवाडी)

त्याला सांगा, कागदावर एकही नाही. तिथल्या घटनेत जजसाठी वयाची अट नाही, डिग्रीची नाही, वकील असायलाच हवं असंही नाही. आपल्याकडे निदान पाच वर्षं हायकोर्टात जज किंवा दहा वर्षं हायकोर्टात वकिली तरी लागते, नाहीतर राष्ट्रपतींच्या मते निष्णात कायदेपंडित असावं लागतं, आणि या तिसऱ्या दाराने सुप्रीम कोर्टात आजवर कोणीच आलेलं नाही. तिकडे फार तर 51 सिनेटर लागतात, सगळे मत देणार नसतील तर त्याहून कमीही चालतात. गणिताचा अभ्यास मात्र कर म्हणावं, ते 51 मोजायला लागतं.